पिकअप फक्त पुढून उचलून समतल करावी, की चारही बाजूंनी लिफ्ट करावी?

दिंडोरी_बागायत यांचा प्रश्न

नमस्कार.

माझ्याकडे इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस ही फोर-बाय-फोर पिकअप आहे. घर नाशिकमध्ये आणि द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात असल्यामुळे गाडीचे काम दुहेरी आहे. बहुतेक दिवस ती घरच्या गाडीसारखी शहरात आणि महामार्गावर रिकामी फिरते. छाटणीपासून खुडणीपर्यंतच्या हंगामात मात्र हौद्यात खताच्या गोण्या, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, औषधांचे ड्रम किंवा रिकामे क्रेट असतात. अधूनमधून पेठमार्गे सावळघाट उतरून गुजरातकडे जाणे होते आणि पावसाळ्यात हरसूल-त्र्यंबकच्या बाजूलाही फेरी होते.

गाडी रिकामी असताना पुढून खाली आणि मागून वर असते. मला तिच्या दिसण्याबद्दल फारशी तक्रार नाही. अडचण अशी आहे की बागेत शिरताना पाटाची एक चारी ओलांडावी लागते आणि तिच्या काठावर पुढच्या बंपरची खालची कड घासते. म्हणून पुढची बाजू दोन इंच उचलून गाडी समतल करून घ्यावी, असा माझा विचार होता. शहरातील दोन गॅरेजांत चौकशी केली असता दोन परस्परविरोधी सल्ले मिळाले. एकाच्या मते पुढे स्पेसर (उंची वाढवणारी जाड चकती) टाकला की काम झाले, मागे हात लावण्याचीही गरज नाही. दुसऱ्याच्या मते केवळ पुढची बाजू उचलणे हे अर्धवट काम असून चारही बाजूंना चार इंचांचे लिफ्ट किट (गाडी उंच करणाऱ्या भागांचा संच) बसवावे आणि त्याबरोबर टायरही मोठे घ्यावेत. घरातल्या तरुण मंडळींचा कल अर्थातच दुसऱ्या सल्ल्याकडे आहे. त्यांना बंपरपुढे लावायचा लोखंडी बुलबारही हवा आहे.

टायर मूळचेच, २५५/६० आर १८ मापाचे आहेत. सपाट फरशीवर गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत मोजले असता मागची उंची पुढच्यापेक्षा सुमारे ५ सेंटिमीटर जास्त भरते. पुढची बाजू तेवढीच उचलली तर हौद्यात वजन भरल्यावर गाडी नाक वर करून चालेल का, पुढच्या सुट्या भागांवर त्याचा काय परिणाम होईल, आणि चार इंचांच्या लिफ्टची माझ्यासारख्याला खरोखर गरज आहे का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कमानपाटा यांचे उत्तर

बागायतदार साहेब, मी अंबडला सस्पेन्शनचेच काम करतो, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

आधी आपल्या मोजमापाविषयी. चाकावरची कमान पुढे आणि मागे सारख्याच उंचीवर कापलेली असते असे नाही. त्यामुळे कमानीवरून काढलेला ५ सेंटिमीटरचा फरक हा गाडीचा खरा उतार नव्हे. दरवाजाखालची जी सरळ चौकट असते, तिच्या पुढच्या आणि मागच्या टोकाची जमिनीपासूनची उंची मोजावी, त्या दोन टोकांमधले अंतरही मोजावे आणि त्या प्रमाणात उतार पूर्ण चाकतळावर आणावा. आपल्या गाडीचा चाकतळ, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर, ३०९५ मिलिमीटर आहे. हेच माप हौद्यात नेहमीचे वजन टाकून पुन्हा घ्यावे. या दोन आकड्यांशिवाय ‘दोन इंच’ किंवा ‘चार इंच’ बोलण्याला अर्थ नाही.

पिकअपची मागची बाजू कारखान्यातूनच उंच ठेवलेली असते, कारण मागचे पाटे (स्प्रिंगचे काम करणाऱ्या लोखंडी पट्ट्या) वजन पडले की बसतात आणि त्या वेळी गाडी साधारण समतल यावी अशी ती योजना असते. पुढची बाजू उचलून हा उतार काढून टाकला की भरलेली गाडी नाक वर करते, हे खरे आहे. मात्र त्यामुळे पुढच्या चाकांवरचा भार उडून जातो आणि स्टिअरिंग हलके पडते, असे जे सर्रास सांगितले जाते, ते मला पटत नाही. दीड-दोन अंशांच्या आतल्या कलाने वजनाची वाटणी नगण्य बदलते. पुढचा भार खरोखर कमी होतो तो मागच्या एक्सलच्या पलीकडे, म्हणजे हौद्याच्या फाळक्याजवळ वजन रचल्यामुळे, आणि ते मूळ स्थितीतल्या गाडीतही तितकेच होते. म्हणून ड्रम आणि गोण्या केबिनच्या बाजूला सरकवून ठेवाव्यात.

नाक उचलण्याचा थेट आणि ताबडतोब होणारा परिणाम हेडलाइटवर होतो. ३०९५ मिलिमीटरच्या चाकतळावर पुढची बाजू ५० मिलिमीटर उचलली तर प्रकाशाचा झोत सुमारे १.६ टक्के वर जातो. म्हणजे ५० मीटरवर तो पूर्वीपेक्षा जवळजवळ ८० सेंटिमीटर वर पडतो. डिपरचा झोत साधारणपणे एक टक्का खाली झुकवलेला असतो, हे लक्षात घेतले तर असा बदल करून हेडलाइट पुन्हा न लावणाऱ्या माणसाचा डिपर समोरच्याच्या थेट डोळ्यांत जातो, हे उघड आहे. आग्रा रोडवर रात्री गाडी चालवणाऱ्यांना याचा अनुभव आहेच.

आता उचलण्याच्या पद्धतीकडे येतो, कारण माझ्या मते आपल्या प्रश्नाचे मर्म तिथे आहे. आपल्या गाडीला पुढे दुहेरी विशबोन आर्म (चाक धरून ठेवणारे वरचे व खालचे बाहू), त्यांमध्ये शॉकअपवर बसवलेली कॉइल स्प्रिंग आणि मागे घन एक्सलवर (दोन्ही चाके जोडणाऱ्या एकसंध आसावर) कमानपाटे आहेत. शॉकअपचे खालचे टोक चाकावर नसून खालच्या आर्मवर, बिजागरी आणि चाक यांच्या मधोमध कुठेतरी टेकलेले असते. त्यामुळे शॉकअपच्या माथ्यावर २५ मिलिमीटरची चकती बसवली तर चाकापाशी गाडी जवळजवळ ४५ ते ५० मिलिमीटर उचलली जाते. स्वस्त स्पेसरची जादू ती हीच. परंतु माथ्यावर स्पेसर आल्यामुळे संपूर्ण शॉकअप खाली सरकतो. चाक खड्ड्यात लोंबकळले की वरचा आर्म आणि त्याचा बॉल जॉइंट (गोळ्यावर फिरणारा सांधा) आपल्या मर्यादेला जाऊन भिडतात, आणि चाक जोरात वर आले की चाकाची वरची धाव रोखणारा रबरी बंप स्टॉप लागण्याच्या आधीच शॉकअप आतून आपटण्याची शक्यता निर्माण होते. दुसऱ्या प्रकारात स्पेसर स्प्रिंगवर बसवून तिला अधिक दाबून ठेवतात. तिथे शॉकअपची लांबी बदलत नाही, पण गाडी उंच उभी राहिल्यामुळे तो आधीच बराच ताणलेला असतो आणि चाकाला खाली जायला वावच उरत नाही. अशी गाडी गतिरोधकावरून उतरताना पुढून ‘टक्’ असा आवाज देते. ग्राहक तो आवाज घेऊन आमच्याकडे येतो तेव्हा त्याला वाटते, बुश (सांध्यातले रबर) गेले आहे.

आपली गाडी फोर-बाय-फोर असल्यामुळे पुढच्या चाकांना जाणारे शाफ्ट हा आणखी एक विचार करण्यासारखा भाग आहे. पुढची बाजू जेवढी उचलाल तेवढा सीव्ही जॉइंटचा (शाफ्टमधल्या वाकत्या सांध्याचा) कोन तीव्र होतो. रबरी बूट घड्यांमध्ये घासून फाटतो, आतले ग्रीस उडते, आणि मग धूळ व चिखल जाऊन जॉइंट वाजू लागतो. एक-दीड इंचापर्यंत हा धोका सहसा आटोक्यात राहतो. दोन इंच ही मूळ आर्मवर मी काठावरची मर्यादा समजतो.

उंचीबरोबर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), कास्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा पुढे-मागे कल) आणि टो (चाकांची पुढची बाजू आत की बाहेर वळलेली) हे तिन्ही कोन बदलतात, म्हणून अलाइनमेंट, म्हणजे हे कोन पुन्हा जुळवणे, अटळ आहे. मूळ आर्मवर समायोजनाला जेवढी जागा असते ती बहुधा कॅम्बर जागेवर आणण्यातच संपते आणि कास्टर हवा तेवढा मिळत नाही. कास्टर कमी राहिला की वळणानंतर स्टिअरिंग आपण होऊन सरळ येत नाही आणि महामार्गावर गाडी सतत सांभाळावी लागते. मग वरचे आर्म बदलणे आले, आणि स्वस्तात होणारे काम स्वस्त राहत नाही.

चार इंचांच्या लिफ्टबद्दल माझे मत स्पष्ट आहे: आपल्याला त्याची गरज नाही. एवढी उंची पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये नीट मिळवायची असेल तर पुढचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारी गिअरपेटी) ब्रॅकेट लावून खाली घ्यावा लागतो, आर्म व नकल (चाक ज्यावर बसते तो भाग) बदलावे लागतात, ब्रेकचे होज आणि एबीएसच्या तारा यांची लांबी पाहावी लागते. मागे पाटे आणि एक्सल यांच्यामध्ये ब्लॉक टाकून लांब यू-बोल्ट लावले तर जोर देताना पाटे पिळवटतात. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलून गाडी सुटताना थरथर येते. आणि एवढे करूनही मागच्या एक्सलचा डिफरन्शियल जमिनीपासून एक मिलिमीटरही उंच होत नाही, कारण घन एक्सल चाकांच्याच उंचीवर राहतो. तो उचलतात फक्त मोठे टायर. २५५/६० आर १८ टायरचा व्यास सुमारे ७६३ मिलिमीटर आहे आणि २६५/६५ आर १८ चा सुमारे ८०२. म्हणजे व्यासात ३९ मिलिमीटरची वाढ, पण एक्सलखाली मिळणारी जागा तिच्या निम्मी, जेमतेम १९ मिलिमीटर. शिवाय स्पीडोमीटर १०० दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात १०५ च्या वेगाने जात असेल, आणि तेवढ्याच प्रमाणात गिअर लांब झाल्यामुळे भरलेली गाडी घाट चढताना ओढीला मंद वाटेल.

आपण वरीलप्रमाणे दोन्ही मापे घेऊन इथे लिहावीत. चारीवर बंपर नेमका किती मिलिमीटरने घासतो, तेही पाहावे.

गोदाकाठ यांचे उत्तर

मी निफाड तालुक्यातला शेतकरी आहे, मेकॅनिक नाही. वरच्या उत्तरातील सगळे मुद्दे मला कळले असे म्हणणार नाही. पण एक साधी गोष्ट कोणी विचारलेली दिसत नाही. चारी जर बागेच्याच वाटेवर असेल, तर तिथे सिमेंटचा पाईप टाकून वर मुरूम का भरत नाही? पाटाचे पाणी अडणार नाही एवढ्या व्यासाचा पाईप घ्यावा, दोन्ही बाजूंना उतार लांबट ठेवावा, आणि चारी सामाईक असेल तर शेजारच्या खातेदारांना व पाणीवापर संस्थेला आधी विचारून घ्यावे. त्याच वाटेने ट्रॅक्टर, फवारणीचा ब्लोअर आणि खुडणीच्या वेळी व्यापाऱ्याची गाडीही येणार असते, त्या सर्वांचीच सोय होईल.

दुसरे असे की गाडी उंच केली म्हणजे चिखलातून निघते, हा समज आमच्याकडच्या काळ्या मातीत टिकत नाही. पाऊस पडल्यावर ही माती टायरच्या खाचांत गच्च बसते आणि टायर गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरतो. मग गाडी तीन इंच उंच असो की सहा. अशा वेळी उपयोग होतो तो खोल आणि मोकळ्या खाचांच्या टायरचा, टायरमधली हवा थोडी कमी करण्याचा आणि मुख्य म्हणजे त्या दिवशी वावरात गाडी न घालण्याचा. हवा कमी केली असेल तर डांबरी रस्त्यावर येताच ती पूर्ववत भरावी.

घाटवाट यांचे उत्तर

कमानपाटा यांच्या बहुतेक विधानांशी मी सहमत आहे. मात्र त्यांच्या उत्तरावरून लिफ्ट ही केवळ हौस आहे असा ग्रह होऊ नये, म्हणून हे लिहितो. माझ्याकडे टोयोटा हायलक्स असून तिला चारही बाजूंनी सुमारे दोन इंचांची लिफ्ट आहे: पुढे वजनाच्या हिशोबाने निवडलेल्या स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे लांब शॉकअप, मागे पूर्ण नवे पाटे. स्पेसर किंवा ब्लॉक कुठेही नाही. माझे जाणे-येणे सुरगाणा, हरसूल आणि जव्हारच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर असते. तिथे पावसाने वाटेच्या मधोमध खोल चर पडतात आणि दगड वर येतात.

घन एक्सलखालची जागा लिफ्टने वाढत नाही, हे शंभर टक्के खरे आहे. पण लांब चाकतळाच्या पिकअपमध्ये प्रत्येक वेळी एक्सलच टेकतो असे नाही. उंचवट्यावरून जाताना गाडीचे पोट, म्हणजे चॅसिसचा मधला भाग, गिअरबॉक्सखालची पट्टी आणि पायऱ्या घासतात. मागच्या बंपरची कड आणि टो-हिच (ट्रेलर जोडायचा आकडा) चढाच्या पायथ्याशी घासतात. चारही बाजूंनी उचलल्यावर हे तिन्ही भाग वर जातात. फक्त पुढून समतल केलेल्या गाडीत पुढचा कोन सुधारतो, पोटाखाली थोडी जागा मिळते, आणि मागची बाजू होती तिथेच राहते. म्हणजे ज्याला खडकाळ वाटेवर नियमित जायचे आहे त्याच्यासाठी समतल करणे हा लिफ्टचा स्वस्त पर्याय ठरू शकत नाही. त्या दोन वेगळ्या गरजा आहेत.

किंमत मोजावी लागते, हेही प्रामाणिकपणे सांगतो. गाडी घाटात पूर्वीपेक्षा जास्त झुकते. साधा हिशोब करून पाहावा: दोन चाकांमधली रुंदी १५५० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ७०० मिलिमीटर धरली, तर रुंदीच्या निम्म्याला उंचीने भागून १.११ येतात, गुरुत्वमध्य ५० मिलिमीटर वर गेला तर १.०३. हे आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत, आणि एक्सल व चाके वर जात नसल्यामुळे गुरुत्वमध्य प्रत्यक्षात पूर्ण ५० मिलिमीटर चढत नाही. तरी कलंडण्याविरुद्धची ताकद सहा-सात टक्क्यांनी घटते असे धरून चालायला हरकत नाही. सावळघाटाच्या वळणांवर, हौद्यात उंच रचलेले क्रेट घेऊन, मला तो फरक जाणवतो आणि मी वेग त्याप्रमाणे ठेवतो. चार इंचांच्या वाटेला मी स्वतः जाणार नाही. घरातील ज्येष्ठांना चढताना हात द्यावा लागतो, हा मुद्दा कोणत्याच किटच्या माहितीपत्रकात नसतो.

सर्व्हेअर_पंचवटी यांचे उत्तर

मी वाहन विम्याच्या दाव्यांची पाहणी करतो, म्हणून तांत्रिक बाजू सोडून कागदाच्या बाजूबद्दल लिहितो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शॉकअप झिजले म्हणून त्याच दर्जाचे दुसरे बसवणे ही दुरुस्ती आहे; ब्रॅकेट, नकल आणि मोठे टायर घालून गाडीचा आकारच बदलणे ही दुरुस्ती नव्हे. या दोन टोकांच्या मध्ये एक-दीड इंचाचा बदल कुठे बसतो, हे अधिकाऱ्याच्या पाहणीवर अवलंबून राहते, आणि ती अनिश्चितता मालकाने डोळे उघडे ठेवून स्वीकारायची असते. आधी पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात विचारून घेणे सर्वांत बरे.

बुलबारचा विषय मात्र अनिश्चित नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सर्व राज्यांना कळवले होते की असे क्रॅश गार्ड बसवणे हे कलम ५२ चे उल्लंघन आहे. धडकेचा जोर शोषून घेण्यासाठी बंपरमागे जी रचना असते तिला लोखंडी बार अडथळा आणतो, एअरबॅगच्या वेळेवर परिणाम करू शकतो आणि पादचाऱ्याला अधिक इजा करतो. तरुण मंडळींना हे आपण समजावून सांगावे.

विमा कंपनीला बदल लेखी कळवावा आणि पोहोच घ्यावी. अपघातानंतर पाहणीत न कळवलेला बदल आढळला, आणि अपघाताचा त्याच्याशी संबंध जोडता आला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. वॉरंटी चालू असेल तर सीव्ही जॉइंट, बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग यांवरचे दावे उत्पादकाकडून नाकारले जाऊ शकतात, हेही गृहीत धरावे.

एक प्रश्न आपल्यासाठी: नोंदणी प्रमाणपत्रावरील एकूण भारित वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करून पाहिले आहे का? त्यातून प्रवाशांचे वजनही जाते. उरते ते हौद्याचे. खाजगी नोंदणीच्या दुहेरी केबिनच्या पिकअपमध्ये हा आकडा अनेकांच्या समजुतीपेक्षा बराच लहान निघतो. पाटे जाड केले म्हणून कागदावरची क्षमता वाढत नाही.

दिंडोरी_बागायत यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मापे घेतली आहेत.

दरवाजाखालच्या चौकटीवर दोन मीटर अंतराने खुणा करून मोजले असता रिकाम्या गाडीत २४ मिलिमीटरचा फरक आला. तो चाकतळाच्या प्रमाणात आणला तर सुमारे ३७ मिलिमीटर होतो. म्हणजे कमानीवरून काढलेल्या ५० च्या आकड्यात आणि यात बराच फरक पडला. हौद्यात युरियाच्या ४५ किलोच्या चार गोण्या केबिनलगत ठेवल्यावर चाकतळाच्या हिशोबाने हाच फरक १५ मिलिमीटरवर आला, म्हणजे गाडी मूळ स्थितीतच समतल होण्याच्या जवळ जाते. प्रमाणपत्रावरून वजनाचा हिशोबही केला. सर्व्हेअर साहेबांचे म्हणणे खरे आहे, आणि यापुढे अवजड माल भाड्याच्या टेम्पोतूनच आणावा असे ठरवले आहे.

चारीच्या काठावर बंपरची कड सुमारे २५ मिलिमीटरने घासते. पाईप टाकण्याबद्दल शेजाऱ्यांशी बोललो. पाण्याचे आवर्तन सुरू असल्यामुळे ते काम आत्ता करता येणार नाही, पण नंतर नक्की करू. बुलबार रद्द. माझे मूळचे पुढचे शॉकअप तसेही तेल गळू लागले आहेत आणि बदलायचे आहेत. त्याच खर्चात पुढची बाजू थोडी उचलून घेण्यात अर्थ आहे का, आणि असल्यास नेमकी किती?

कमानपाटा यांचे उत्तर

शॉकअप बदलायचेच आहेत, तर अर्थ आहे. आपली गरज बंपरपाशी २५ मिलिमीटरची आहे. बंपर पुढच्या एक्सलच्याही पुढे असल्यामुळे एक्सलपाशी जेवढे उचलाल त्यापेक्षा तिथे अंदाजे सव्वापट मिळते. म्हणून एक्सलपाशी २५ मिलिमीटर उचलले की बंपरपाशी ३० च्या आसपास मिळतील आणि आपले काम होईल. मागे काहीही करू नये. रिकाम्या गाडीत १२ मिलिमीटरचा उतार शिल्लक राहील. चार गोण्यांएवढ्या वजनाने नाक १० मिलिमीटर वर जाईल, ज्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

ही उंची माथ्यावरच्या स्पेसरने न घेता जुळणारी स्प्रिंग आणि तिच्याच मापाचा शॉकअप अशा जोडीने घ्यावी. स्प्रिंग मागवताना पुढे बुलबार किंवा विंच (दोर ओढायची चरखी) नाही, हे स्पष्ट सांगावे. कारण बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच स्प्रिंगा जादा वजन गृहीत धरून बनवलेल्या असतात, आणि त्या रिकाम्या नाकावर बसवल्या की २५ च्या जागी ५० मिलिमीटर उचलतात व गाडी कडक उसळते. एवढ्या उंचीत वरचे आर्म बदलण्याची गरज सहसा पडत नाही. तरी अलाइनमेंटचा छापील अहवाल मागून कास्टरचा आकडा उत्पादकाच्या मर्यादेत आहे का, हे स्वतः पाहावे.

काम चालू असताना एका गोष्टीवर लक्ष ठेवावे. आर्मच्या बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबकळत असताना शेवटचे आवळू देऊ नयेत. बुशातले रबर दोन्ही बाजूंनी धातूला चिकटवलेले असते. चाके खाली लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर आल्यावर ते रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते, गाडी ठरल्यापेक्षा उंच उभी राहते आणि बुश काही महिन्यांत फाटते. चाकांवर पूर्ण वजन घेऊन, गाडी दोन-चार वेळा पुढून दाबून, मगच ते बोल्ट ठरलेल्या टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळावेत.

नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात, त्यामुळे काही शे किलोमीटर चालवल्यावर चौकटीवरचे माप पुन्हा घ्यावे आणि अलाइनमेंट तेव्हा एकदा परत तपासून घ्यावे. हेडलाइट मात्र पहिल्याच दिवशी, गाडी गॅरेजमधून निघण्याआधी भिंतीसमोर लावून घ्यावेत, आणि डॅशबोर्डवर झोत खाली घेण्याची चकती असेल तर हौद्यात वजन असताना ती वापरण्याची सवय ठेवावी.